कादंबरीतले दौलतराव

खऱ्या माणसावर कादंबरी लिहिणारा एखादा लेखक ओळखीत असला की कादंबरी एकच होते आणि तिच्याबाहेर किस्से ढिगानं जमतात. कादंबरी कपाटात जाते. किस्से मात्र चहा आला की पुन्हा निघतात, आणि दर वेळी थोडे जास्त रंगून निघतात. आमच्या कट्ट्याचं तेच झालं.

कट्टा म्हणजे अमरावतीतलं माझं डीटीपीचं दुकान. एरवी तिथं लग्नपत्रिका आणि जाहीर आभाराची पत्रकं. शनिवारी संध्याकाळी मात्र तिघं ठरलेले. एक वानखडे सर, शाळेतून रिटायर झालेले इतिहासाचे शिक्षक आणि कादंबरीकार. दुसऱ्या नलिनीताई, कॉलेजात मराठी शिकवलेल्या. पुण्याहून लग्न होऊन आल्या त्याला आयुष्य झालं, पण 'मले-तुले' ऐकलं की अजून कपाळाला आठी पडते. तिसरे रशीदभाई, पाट्या रंगवणारे पेंटर.

सरांची कादंबरी होती दौलतराव पाटलांवर. हिवरखेडच्या पलीकडचं गाव त्यांचं. फार जुन्या एका दुष्काळात त्यांनी आपलं ज्वारीचं पेव गावासाठी उघडलं, ही तिकडची प्रसिद्ध गोष्ट. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, वरून माती लिंपून बंद केलेलं. सर कित्येक वर्षं या एका माणसाच्या मागे होते. दुसरं काही त्यांनी लिहिलं नाही, आणि आता डोळे अधू झाले होते, त्यामुळे लिहिणारही नव्हते.

पाटलांचे नातू बंडूभाऊ यांनी सरांना घरातलं सगळं दाखवलं आणि एकच अट घातली. "आमची आत्या हाये अकोल्यात. दौलतरावची सख्खी पोरगी. तिनं आयकून हो म्हनलं तं छापा, नाई म्हनलं तं नाई." सरांनी शब्द दिला. माझ्या मते तिथंच घोडचूक झाली, कारण आत्या कुणाशी बोलायच्याच नाहीत. सर दोनतीनदा जाऊन आले होते. आत्यांनी चहा दिला, वडलांबद्दल "बापू मोठे होते" एवढं म्हटलं आणि त्या आत निघून गेल्या.

*

सरांचा पुराव्यावर भारी जीव. पुराव्याशिवाय कादंबरीत पान हलायचं नाही. एकदा मी टाईप करताना 'आभाळात ढग जमले' असं एक वाक्य आलं. दुसऱ्या दिवशी सर धावत दुकानात.

"ते ढग काढ. त्या दिवशी ढग होते याले काही आधार नाही."

"मग सर, आभाळ कोरं ठेवू?"

"आभाळही काढ."

पाटलांकडे घोडा होता हे पक्कं, पण रंग कुणाला माहीत नव्हता. म्हणून घोडा बिनरंगाचा. पाटलांच्या बायकोचं नाव कुठल्याच कागदात सापडलं नाही. बंडूभाऊंना विचारलं तर ते म्हणाले, "आजीच म्हनत सारे." आत्यांना विचारलं तर आत जाता जाता एवढंच, "आमी मायच म्हनो." म्हणून अख्ख्या कादंबरीत त्या नुसत्या 'पाटलीणबाई'.

नलिनीताईंनी हस्तलिखित वाचून परत केलं आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "सर, घोड्याला रंग नाही, बायकोला नाव नाही. पेव तेवढं शाबूत आहे."

सर आठ दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

*

मग दौलतरावांच्या गावात वाचन ठेवलं. पेव उघडण्याचा प्रसंग सरांनी छान लिहिला होता. पाटील हुकूम देतात, एक माणूस कुदळ मारतो, तोंड उघडतं आणि पाटील स्वतः आत उतरतात.

वाचन थांबलं तसा एक म्हातारा उठला. "कुदळ माह्या बापाची होती. त्याचं नाव टाका."

दुसरा म्हणाला, "तुह्या बापाकडं कुदळ कुठी होती? आमचीच नेत होता तो."

पाहता पाहता जितकी घरं तितक्या कुदळी झाल्या. सरांनी वैतागून माझ्याकडून वाक्य बदलून घेतलं, 'कुणीतरी कुदळ आणली.' त्यावर सगळं गाव एकदम नाराज झालं.

पण त्याच दिवशी एक म्हातारी बाई खाली बसल्या बसल्या म्हणाली, "आन पाटील लगेच उतरला काहून? मरून जाईन ना थो."

बंद पेवातली हवा विषारी असते. तोंड उघडलं की ते एक रात्र तसंच मोकळं ठेवायचं आणि मग कंदील सोडून पाहायचा, ही सगळ्या गावाला माहीत असलेली रीत. सरांनी ती अर्धवट वाचली होती. आता पेव संध्याकाळी उघडायचं आणि ज्वारी सकाळी काढायची, म्हणजे मधे एक रिकामी रात्र आली. तिथं काय लिहायचं?

"नवराबायकोला बोलू द्या," नलिनीताई म्हणाल्या. "सगळ्या पुस्तकात ती दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नाहीत."

"पुरावा नाही."

"सर, बायकोशी बोलायला पुरावा लागत नाही."

शेवटी सरांनी एक पान लिहिलं. उघड्या पेवाजवळ पाटील आणि पाटलीणबाई बसले आहेत. पाटील म्हणतात, आपली वर्षाची ज्वारी जाईल, तुला चालेल का? त्या म्हणतात, तुम्ही विचारलंत यातच सगळं आलं. मला ते पान फार आवडलं. सरांना मात्र त्याची लाज वाटायची. त्याला ते 'बिनपुराव्याचं पान' म्हणायचे, आणि खाली 'हा संवाद काल्पनिक आहे' अशी तळटीप टाकायचा त्यांचा हट्ट मी कसाबसा मोडला.

*

ती वर्षं अशी होती की आमच्या जिल्ह्यांची नावं रोज पेपरात यायची, आणि कोणत्या बातमीखाली यायची ते सांगायला नको. बाहेरून कॅमेरेवाले यायचे, कपाशीत उभे राहून बोलायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. अशा दिवसांत एका मोठ्या शहरातल्या प्रकाशकाचा सरांना फोन आला. मी स्पीकर लावून दिला.

"कादंबरी उत्तम आहे," ते म्हणाले. "विदर्भ, शेतकरी, सगळं आहे. फक्त शेवट थोडा सौम्य वाटतो. शेवटी पाटील आत्महत्या करतात असं करता येईल का?"

सर शांतपणे म्हणाले, "साहेब, ते म्हातारे होऊन गेले. आंघोळ करून, जेवून, झोपेत."

"हो, पण कादंबरी आहे ना ही."

"त्यायले मी मारू शकत नाही. आमच्याकडं सध्या पुरे झालं तेवढं."

सरांनी फोन ठेवला. रशीदभाईंनी उठून सगळ्यांसाठी चहा सांगितला. मग अमरावतीतच एक ओळखीचा छापखानेवाला तयार झाला.

*

मुखपृष्ठाचं काम अर्थातच रशीदभाईंकडं. अडचण एवढीच की दौलतरावांचा फोटो नव्हता. त्यांनी जन्मात काढला नव्हता.

"चेहरा सांगा, काढतो," रशीदभाई म्हणाले.

"पुरावा नाही," सर म्हणाले.

"पुरावा नाही तो क्या बिनाचेहऱ्याचा मानूस काढू?"

महिनाभरानं रशीदभाईंनी चित्र आणलं. रुंद कपाळ, पांढऱ्या मिशा, डोळ्यांत जरा राग आणि जरा माया. बंडूभाऊ पाहतच राहिले. "आजाच हाये," म्हणाले आणि चित्र गावी घेऊन गेले. गावातही सगळ्यांनी ओळखलं. ज्यांनी दौलतरावांना कधी पाहिलं नव्हतं त्यांनी तर जास्तच ओळखलं. चित्र ग्रामपंचायतीत लागलं आणि त्याला हार पडला.

काही दिवसांनी रशीदभाई तोंड पाडून दुकानात आले. त्यांचे सासरे चांदूर बाजारला बैलांचा व्यापार करतात. ते बाजाराच्या कामानं तिकडं गेले होते आणि पाणी प्यायला ग्रामपंचायतीत शिरले. समोर भिंतीवर स्वतःच, गळ्यात हार, पुढं उदबत्ती.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"बोले, रशीद, मैं अभी जिंदा हूँ, और तूने मुझे पाटील बना के मार भी दिया."

सरांनी चित्र बदलायचं ठरवलं, पण गाव ऐकेना. हाच आमचा पाटील, म्हणाले. सासरे पण नंतर निवळले. आता तिकडं गेले की त्यांना चहाचे पैसे द्यावे लागत नाहीत.

*

शेवटी तो दिवस आला. सर, बंडूभाऊ आणि मी अकोल्याला आत्यांच्या घरी गेलो. आत्या नव्वदीच्या, नजर जवळजवळ गेलेली, पण पाठ ताठ. सरांनी रस्त्यात मला दोनदा विचारलं, "नाही म्हटलं तर?"

वाचायचं मी. आत्या दारातल्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या. बालपण झालं, लग्न झालं, दुष्काळ आला, तरी चेहऱ्यावर काही नाही. सर रुमाल पिळत होते. मग पेव उघडलं आणि ते बिनपुराव्याचं पान आलं. मी वाचलं आणि पान उलटलं.

"थांब बाबा," आत्या म्हणाल्या. "थे वापस वाच."

मी पुन्हा वाचलं. तुला चालेल का? तुम्ही विचारलंत यातच सगळं आलं.

"असं नव्हतं झालं," आत्या म्हणाल्या. "बापू गावात नव्हतेच. अकोल्याले गेले होते. पेव मायनं उघडलं. थ्या रात्री मी तिच्या मांडीवर होती, पेवाच्या तोंडापाशी. दुसऱ्या दिवशी बापू आले तं सारं गाव त्यायच्या पाया पडून राहिलं होतं. त्यायनं कोनाले काही म्हनलं नाही. पर मायशी बोलनं सोडलं. मरेपर्यंत. काही सांगाचं असलं तं मले सांगत. पोरी, तुह्या मायले सांग, मी जेवून घेतलं."

बंडूभाऊ जमिनीकडं बघत होते. सरांचा चेहरा मला बघवेना. इतकी वर्षं ज्या पुराव्यासाठी वणवण केली तो आता समोर बसून बोलत होता, आणि त्यात सगळी कादंबरी वाहून जात होती.

सर कसेबसे म्हणाले, "आत्या, मी बदलतो. सगळं पुन्हा लिहितो. खरं झालं तेच लिहितो."

"खरं मले मालूम हाये," आत्या म्हणाल्या. "थे लिवून मले काय भेटते? छापा तुमी. पेव बापूनंच उघडलं असं राहू द्या, गावाले थेच पाहिजे. फक्त थे पान लहान हाये. तिथं त्यायले तिच्याशी अजून थोडं बोलू द्या."

सरांनी खिशातून पेन काढलं.

"काय बोलू द्या, आत्या?"

"काहीबी. तिले नावानं हाक मारली तरी चालते."

सरांनी टोपण काढलं आणि थांबले.

"नाव काय होतं त्यायचं?"

पदर सारखा करत आत्या हळूच म्हणाल्या, "गोदा."