कापलेली दोन वाक्यं

जर्मनीत आम्ही राहत होतो त्या शहराचं प्राणिसंग्रहालय नदीकाठी होतं. आई अकोल्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. मे महिन्यातल्या एका रविवारी मी, बायको, सात वर्षांची मुलगी आणि आई असे चौघं तिथं गेलो. आईनं हत्ती बराच वेळ पाहिले. पेंग्विन तिला आवडले नाहीत. "सारे जिल्हा परिषदेतले बाबू दिसून राहिले," ती म्हणाली.

पुढच्या वळणावर गवताचा मोठा तुकडा होता, कमरेएवढं कुंपण होतं आणि आत एक रोही उभा होता. पुस्तकात त्याला नीलगाय म्हणतात. वऱ्हाडात तो कोणी तिकीट काढून पाहत नाही. तो तुरीत असतो, हरभऱ्यात असतो, नाहीतर रस्त्यावर.

मुलीनं पाटी वाचली. "आजी, हा पण इंडियातून आलाय. तुझ्यासारखा."

"याले व्हिसा कोनं देला व माय?"

मुलगी हसली. आई कुंपणाजवळ गेली आणि तिथंच थांबली.

त्या रविवारच्या दोन वर्षं आधी असाच एक रोही बाळापूर रस्त्यावर माझ्या वडिलांच्या मोटरसायकलला आडवा आला होता. निवृत्त शिक्षक होते ते. शेत पाहून संध्याकाळी अकोल्याला परतत होते. मी तेव्हा अकोल्यातल्या एका दैनिकात जिल्ह्याचं पान पाहत असे. आधी ते गेल्याचा काकांचा फोन आला, पाच मिनिटांनी बाळापूरच्या वार्ताहराची बातमी आली. रुग्णालयात जाण्यापूर्वी ती मीच नीट केली. तिच्यात दोन वाक्यं अशी होती: अपघातानंतर ते सुमारे अर्धा तास शुद्धीवर होते. रस्त्याच्या कडेला भाजी विकणाऱ्या एका महिलेने त्यांना पाणी पाजले.

दोन्ही वाक्यं मी काढली आणि 'जागीच मृत्यू झाला' असं लिहिलं. अशा बातम्यांत हे शब्द सवयीनं पडतात, कोणी तपासत नाही. बातमी आई वाचणार होती. त्या अर्ध्या तासाचा हिशेब तिला करावा लागू नये, एवढाच माझा विचार होता. आईनं ते कात्रण देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलं. भेटायला येणाऱ्यांना ती ते वाचून दाखवायची आणि म्हणायची, काई तरास झाला नाई त्याईले.

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर एक बाई फाटकाशी येऊन उभी राहिली. माळ्याची होती, पन्नाशीची. "माय, मी होती तुमच्या मालकाजवळ," ती आईला म्हणाली. "बोलले ते माह्याशी. तुमाले सांगा म्हने, म्हणून आली."

"पेपरात सारं छापून आलं हाये," आई म्हणाली. "जागीच गेले ते. मेल्या माणसाच्या नावावर काय मांगाले आली व तू?"

"मले काई नाई पायजे, माय."

"मंग निंघ."

मी दहा पावलांवर होतो, मांडववाल्याशी बोलत होतो. मला सगळं ऐकू आलं. मी वळलो नाही. बाई थोडा वेळ उभी राहिली, मग गेली. चार महिन्यांनी बायकोला जर्मनीत नोकरी मिळाली आणि मी दैनिक सोडलं.

कुंपणाआड एक कर्मचारी तरुणी बादली घेऊन आली. रोही तिच्या हातून गाजरं खाऊ लागला. आईनं नातीला विचारलं, "किती वजन लिवलं हाये याचं?"

"दोनशे किलोच्या वर."

आईनं माझ्याकडे न पाहता विचारलं, "एवढ्या जनावराचा धक्का बसला तं माणूस जागीच जाते ना, बाबू?"

'हो' म्हटलं असतं तर आम्ही माकडांकडे गेलो असतो. मी "नाई" म्हणालो. त्याच क्षणी का, ते मला अजून सांगता येत नाही.

आई वळली. "म्हंजे?"

"बाबा अर्धा तास होते, आई. मले मालूम होतं. बातमीतून मीच काढलं ते."

"ते बाई?"

"खरं सांगून राहिली होती."

बायको मुलीला घेऊन आइस्क्रीमच्या गाडीकडे गेली. आईनं कुंपणाची दांडी धरली.

"तेरवीले तू तिथंच होता."

"होतो."

"मी तिले हाकलून राहिली होती, अन् तू काहून मुका उभा होता?"

मी बाकाकडे हात केला, ती बसली नाही.

"काय बोलले ते?" तिनं विचारलं.

"मले नाई मालूम. वार्ताहरानं तेवढंच लिवलं होतं. तिलेच माहीत."

आई बाकावर बसली, पर्स मांडीवर घेऊन. मग ती म्हणाली, "माहं तिकीट बदलव."

नऊ दिवसांनी मी तिला विमानात बसवलं. त्या नऊ दिवसांत ती नातीशी बोलत होती, सुनेशी बोलत होती. माझ्याशी जेवणापुरतं.

अकोल्याला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी ती काकांच्या मोटरसायकलवर बाळापूर रस्त्यानं गेली. बाई त्याच जागी होती, वांगी आणि कोथिंबीर मांडून. आईनं तिथंच, रस्त्याच्या कडेला, तिच्या पायाला हात लावला. बाईनं पाय मागे घेतले. आईनं विचारलं. बाई म्हणाली, "लय दिवस झाले, माय. आता नाई आठवत."

हे मला काकांनी फोनवर सांगितलं. ती खरंच विसरली की सांगायचं नाही तिला, हे त्यांना ओळखता आलं नाही. आई त्यानंतर आणखी दोनदा गेली. उत्तर तेच मिळालं.

आम्ही जर्मनीहून परतलो, त्याला आता वर्ष होईल. मी अमरावतीत काम करतो, आई अकोल्यातच राहते. माझ्याकडे राहायला ती येत नाही. काका म्हणतात, दर गुरुवारी ती एसटीनं त्या जागेजवळच्या फाट्यावर उतरते, बाईच्या शेजारी पोत्यावर बसते आणि कोथिंबिरीच्या जुड्या बांधू लागते. बाई पावसाचं बोलते, भाजीच्या भावाचं बोलते, आपल्या सुनेचं बोलते. आई ऐकत राहते. विचारणं तिनं सोडलं आहे.