नाना टीव्हीतून गाडी काढतात

वावरातून चालत आलं की पायजम्याला कुसळं चिकटतात. आपण काही मागायला जात नाही, आपोआप येतात. किस्स्यांचंही तसंच आहे बघा. नाना आणि मी एसटीच्या एकाच लाल गाडीवर होतो, ते डायवर आणि मी कंडक्टर; मी दोनदा घंटी मारली की ते गाडी सोडायचे. जळगाव-धुळे रस्त्यावर आम्हाला जेवढे खड्डे लागले, त्याच्या दुप्पट किस्से लागले! माझं काम एवढंच, आपल्या पायजम्याचं कुसळ काढायचं आणि हळूच दुसऱ्याच्या सदऱ्याला लावायचं. शाळेनं मला अर्ध्या रस्त्यातच उतरवलं होतं, तेव्हा शुद्धलेखन कोणी तपासू नये.

आजची कुसळं ताजी आहेत. टीव्हीतल्या गाडीची.

*

झालं असं की नाना रिटायर झाले, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर त्यांनी घरची जुनी जीप मागं घेताना घरचंच गेट पाडलं.

नानांच्या सगळ्या नोकरीत गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. ते खाली उतरले, गेटकडे बघितलं आणि म्हणाले, "हे मध्ये आलं!"

मुलगा योगेश म्हणाला, "नाना, गेट तिथंच होतं. मी शाळेत होतो तेव्हापासून!"

"तेच म्हणतो ना मी. इतक्या वर्षांत एकदा तरी बाजूला व्हायला काय झालं होतं त्याला?"

अक्का, म्हणजे नानांची बायको, बाहेर आली. तिनं जीपची चावी काढून घेतली आणि कनवटीला खोचली. विषय संपला! तिथून चावी काढायची हिंमत या जिल्ह्यात कोणात नाही.

तेव्हापासून नाना रोज सकाळी अंगणात उभ्या जीपमध्ये जाऊन बसायचे. स्टेअरिंग पुसायचे. गियर टाकायचे, काढायचे. चहा तिथंच प्यायचे. मी एकदा खिडकीत जाऊन विचारलं, "डायवरसाहेब, गाडी कुठं जाईल?"

नाना समोर बघत म्हणाले, "कुठंच नाही. बिघडलीय."

"काय बिघडलं?"

"अक्का!"

*

योगेशचं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. त्यानं टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणला. मुलांसाठी, असं सांगून. मुलं बिचारी क्लासला जातात आणि चाळिशीचा हा गडी सोफ्यावर मांडी घालून मोटारी पळवतो.

एका रविवारी नाना चावीसाठी फारच मागं लागले, तेव्हा हा म्हणाला, "नाना, एक करू. ह्या गेममध्ये रेसचा एक पूर्ण राउंड मारा. कुठं ठोकायचं नाही आणि वेळ संपायच्या आत पोचायचं. जमलं तर चावी तुमची."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "चावी माझ्याकडे आहे!"

"अक्का, तू बघ तर खरं. जमलं तर देशील ना?"

"टीव्हीत बघेन आणि मग ठरवेन."

नानांनी तेवढ्यावर बाह्या सरसावल्या. योगेशनं त्यांच्या हातात ते बटणांचं खेळणं दिलं.

"रिमोट वेगळाच आहे हा," नाना म्हणाले.

"रिमोट नाही नाना, ह्याला कंट्रोलर म्हणतात."

नानांचा चेहरा असा उजळला की विचारू नका! आमच्या स्टँडवर खिडकीत बसून गाड्या सोडायचा तो कंट्रोलर. त्यानं "थांब" म्हटलं की थांबायचं, "जा" म्हटलं की जेवणाचा डबा बंद करून निघायचं. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "कंडक्टर, बघ रे! आयुष्यभर ह्यानं आपल्याला नाचवलं, आज मी ह्याची बटणं दाबतो!"

*

पहिली रेस. पडद्यावर तीन, दोन, एक झालं आणि बाकीच्या गाड्या धूर काढत सुटल्या. नानांची गाडी जागेवर.

"नाना, सुटली ना रेस!"

"जाऊ दे त्यांना. एवढे पळताहेत म्हणजे कोणाच्या घरी काहीतरी झालं असेल."

*

नानांच्या व्याह्यांना, म्हणजे योगेशच्या सासऱ्यांना, आम्ही आबा म्हणतो. शिरपूरकडचे, कपाशीवाले, अहिराणी बोलणारे. लेकीला भेटायला म्हणून जळगावला येतात आणि जावयाच्या सोफ्यावर बसून खारी खातात.

नाना गाडी वळवतात तेव्हा नुसतं बटण दाबत नाहीत, अख्खे वळतात. गाडी उजवीकडे तर नाना उजवीकडे, गाडी डावीकडे तर नाना डावीकडे. नाना वजनानं भारी आणि सोफा स्प्रिंगचा. एका डोंगरातल्या वळणावर नाना असे काही कलले की शेजारी बसलेले आबा बशीसकट वर गेले आणि चहासकट खाली आले!

"नाना, गाडी थांबाडा!" आबा ओरडले. "मी आठेच उतरस!"

नानांनी समोरची नजर हलवली नाही. म्हणाले, "घाटात उतरता येणार नाही."

*

मग आबांनीही हात चालवून बघितला. पहिल्याच वळणाला सरळ गेले. रस्ता सोडला, कुंपण तोडलं, हिरव्यागार माळावर जाऊन थांबले. योगेश म्हणाला, "मामा, मागं घ्या, रेस चालू आहे!"

आबा कुठले ऐकतात! ते गाडी हळूहळू गोल फिरवून माळ बघत होते. "हाई वावर कोनं शे?"

"कोणाचं नाही हो मामा, गेममधलं आहे."

"बठ्ठं वाया जाई ऱ्हायनं! माती काळी शे, उतार चांगला शे आणि नुसतं गवत वाढाडेल शे!"

योगेशनं पडद्यावरचा उतार बघितला. मग धंदा आठवला असावा. म्हणाला, "वरच्या बाजूला टाकी घेतली तर ठिबक आरामात बसेल."

दोघं सासरा-जावई चहा गार होईपर्यंत त्या माळावर केळी लावत बसले. रेस कोणीतरी जिंकली म्हणतात.

*

अक्का दारात लसूण सोलत बघायची. एकदा तिनं विचारलं, "हे कुठून निघाले?"

"ह्या रेघेपासून."

"आणि जायचं कुठं?"

"ह्याच रेघेपर्यंत, अक्का. फेरी मारून."

तिनं हातातली पाकळी ताटात टाकली. "मग गेले कायले?"

योगेशनं टीव्हीचा आवाज वाढवला. तो इंजिनियर आहे.

*

आता नानांचा सराव जोरात सुरू झाला. रोज दुपारी योगेश दुकानात गेला की मी येऊन डबा चालू करून द्यायचो. एकदा मला लहर आली. त्या गेमला कोणी हात लावला नाही की तो आपली जाहिरात म्हणून स्वतःच गाडी पळवून दाखवतो. मी कंट्रोलरचं बटण बंद केलं आणि तो मेलेला कंट्रोलर नानांच्या हातात दिला.

काय सांगू! नाना चालवताहेत, कलताहेत, घाम पुसताहेत. गाडी पाण्यासारखी. एक टक्कर नाही! नाना ओरडले, "अक्का, ये, बघ! कट कसा मारला बघ!" अक्का आली, बघितलं आणि पहिल्यांदाच म्हणाली, "बरी चालवता की!"

मी उशी तोंडात कोंबून बसलो होतो.

तेवढ्यात योगेश चष्मा विसरला म्हणून परत आला. "नाना, ही तर जाहिरात आहे! तुमचा कंट्रोलर बंद आहे."

नानांनी हातातल्या वस्तूकडे बघितलं, मग पडद्याकडे. गाडी अजून सफाईनं चालली होती. "मग हे कोण चालवतंय?"

"कॉम्प्युटर."

वाटलं आता मला जोडा बसणार. पण नाना डायवर माणूस. मान डोलावून म्हणाले, "हात चांगला आहे पोराचा. कुठल्या डेपोचा?"

*

पहिली खरी परीक्षा वाया गेली ती कायद्यामुळे. नाना छान चालले होते. मागून एक पिवळी गाडी आली आणि धाडकन नानांना ठोकून पुढं गेली. नानांनी गाडी थांबवली. कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि हाताची घडी घातली.

"नाना, चला!"

"गाडी जागेवरून हलणार नाही. आधी पंचनामा."

"गेममध्ये पंचनामा नसतो हो!"

"म्हणूनच त्या पिवळ्याची हिंमत झाली!"

वेळ संपली. योगेश म्हणाला, "हरलात नाना. ठोकलं गेलं."

"मी ठोकलं नाही, मला ठोकलं. तुझी अट काय होती? ठोकायचं नाही! ठोकून घ्यायचं नाही असं कुठं म्हणालास?"

मी लगेच साक्ष दिली. आबांनी तर खोटी साक्षसुद्धा दिली, ते तेव्हा बाथरूममध्ये होते. शेवटी योगेशनं हात जोडले. "पुढच्या रविवारी परत. पण ती शेवटची. नाही जमलं तर जीप विकायची."

नाना उठून अंगणात गेले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

*

तो रविवार. नानांनी आंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला. टीव्हीला हात जोडले. आबांना सोफ्यावरून उठवून खुर्चीवर बसवलं, गाडीचा तोल जाऊ नये म्हणून. अक्का भरताची वांगी भाजून आतबाहेर करत होती. बघत नाही असं दाखवत होती आणि प्रत्येक वळणाला बरोबर दारात येत होती.

नाना निघाले. प्रत्येक वळणाआधी तोंडानं "पों पों" करायचे. मागून कोणी आलं की कडेला घेऊन वाट द्यायचे. पिवळी गाडी आली तेव्हा तर नाना जवळजवळ गवतात उतरले आणि म्हणाले, "जा बाबा, तुझं भलं होवो." डोंगर गेला. बोगदा गेला. पूल गेला. कुठं म्हणजे कुठं टेकलं नाही! योगेशसुद्धा नखं खायला लागला.

शेवटचं सरळ. समोर रेघ. रेघेपाशी एक माणूस चौकटीचौकटीचा झेंडा जोरजोरात हलवतोय.

नानांनी ब्रेक दाबला!

गाडी रेघेच्या हातभर अलीकडे थांबली.

"नाना!" योगेश किंचाळला. "थांबलात का?"

"झेंडा दाखवला ना त्यानं. पुढं काहीतरी झालंय."

"अहो तो जिंकल्याचा झेंडा आहे! पुढं घ्या!"

"झेंडा म्हणजे झेंडा. उगाच कोणी ऊन खात उभा राहत नाही."

पडद्यावर मोठे आकडे उलटे पडायला लागले. दहा. नऊ. आबा खुर्चीवर उभे राहिले, "व्याहीबुवा, दाबा! दाबा!" मी ओरडलो, "चला नाना, चला!" ज्यानं अट घातली तो योगेशच गुडघ्यावर बसून बापाला विनवत होता, "फक्त हातभर, नाना! पाया पडतो!"

पाच. चार.

नानांचे दोन्ही हात कंट्रोलरवर. नजर समोर. म्हणाले, "प्रवाशांनी डायवरशी बोलू नये."

तीन.

मागून आवाज आला. उलथनं स्टीलच्या ताटावर, दोनदा.

टण्-टण्!

नानांनी मागं वळूनही बघितलं नाही. गाडी सुटली आणि रेघेपार गेली.

पडद्यावर रंगीत कागद उडाले. अक्कानं ताट-उलथनं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "वांगी झाली. जेवून घ्या सगळे. अन् मग मले पहूरले नेऊन सोडा, बहिणीकडे. पण गेट मी उघडेन, तुम्ही नाही!"