काठावरचे मास्तर

चहाबरोबर क्रीमची बिस्किटं आली की मास्तरांची जीभ सैल सुटते, हे तलावावर सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी व्यवस्थापक साहेबांनी नेमकी तीच मागवली होती. पोहण्याच्या तलावाच्या जुन्या फरश्या उखडून नव्या निळ्या बसवायच्या, तोवर तलाव बंद, आणि मग तो पुन्हा थाटात सुरू करायचा, असा बैठकीचा विषय. थाटात म्हणजे कसं, यावर गाडी अडली. कुणी म्हणालं फुगे लावू. कुणी म्हणालं साहेबांचं भाषण ठेवू. भाषणाचं नाव निघाल्यावर सगळ्यांचे चेहरे पडले. ते पाहून मास्तर बिस्किटाचे दोन भाग करत अगदी सहज म्हणाले, "भाषण कशाला? तलाव आहे हा. पहिली उडी मी मारतो की!"

बिस्किट तोंडात जायच्या आधीच आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं. पण टाळ्या पडून गेल्या होत्या. "वा मास्तर! तीही उंच फळीवरून!" साहेब म्हणाले. संध्याकाळपर्यंत दाराजवळच्या फळ्यावर रंगीत खडूने ते लिहूनही झालं. उडी मारणाऱ्या माणसाचं चित्रसुद्धा काढलं होतं. चित्राला मास्तरांच्याच मिशा होत्या.

मास्तरांना पोहता येत नव्हतं.

उडीचं सोडाच, गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभं राहायलाही येत नव्हतं. आणि अर्ध्या गावाला पोहायला त्यांनीच शिकवलं होतं. यात कुणाला फसवायचा बेत नव्हता. तरुणपणी ते इथे काठ झाडायला लागले. तेव्हाचे शिक्षक दिवसभर ओरडून शिकवायचे, आणि झाडू मारता मारता ते सगळं यांच्या कानात जाऊन बसलं. एक दिवस ते शिक्षक दुसऱ्या गावी निघून गेले. तेव्हाचे साहेब म्हणाले, "दुसरा माणूस मिळेपर्यंत तू सांभाळ." दुसरा माणूस काही मिळाला नाही, आणि मुलं तर भराभर पोहायला लागली.

मास्तरांची पद्धत ठरलेली. काठावर पिवळी पट्टी आहे, तिच्या अलीकडे उभं राहायचं. हातात लांब बांबू, टोकाला फडकं गुंडाळलेलं. घाबरलेल्या मुलाच्या हाताशी तो न्यायचा आणि आवाज लावायचा, "मान सैल! पाण्याशी भांडू नकोस!" पाण्यात उतरून करायचं ते सगळं जीवरक्षक बाई बघायच्या. त्या अंगाने भरभक्कम होत्या. माघारी सगळे त्यांना 'जहाज' म्हणत, आणि त्यांना ते मनातून आवडायचं. कुणी मास्तरांना "तुम्ही का नाही येत पाण्यात?" असं विचारलं, तर एका वर्षी कान दुखत असायचा, दुसऱ्या वर्षी खांदा. शिवाय एक भारदस्त वाक्य तयार होतं: "मी पाण्यात उतरलो, तर काठावरून बघणार कोण?"

पण खरे कष्ट संध्याकाळी असायचे. सगळे गेले की मास्तर कपडे बदलायच्या खोलीत जायचे, पिशवीतली कोरडी चड्डी काढायचे, नळाखाली धरायचे, पिळायचे आणि पुन्हा पिशवीत भरायचे. घरी बायको ती दोरीवर वाळत घालायची. सकाळी चड्डी कोरडी, संध्याकाळी ओली. थंडीतापातसुद्धा यात खंड नाही. न पोहण्यासाठी इतकी मेहनत घेणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. या सगळ्याने त्यांचे खांदे जरा वर चढून तिथेच राहिले होते. लोकांना वाटायचं, पोहून पोहून झालेत.

आता ती उडी डोक्यावर बसली. आजारी पडावं म्हटलं, तर तब्येत ठणठणीत. उडी मारली तर जीव जाणार, नाही मारली तर मास्तरकी. यातलं आधी काय गेलेलं बरं, हे त्यांना ठरवता येईना.

फरश्या बसून झाल्या त्या दुपारी कामगार जेवायला गेले होते. मास्तर तलावाच्या कडेला आले. आत पाणी नव्हतं, नुसता निळा उतार होता. का कोण जाणे, त्यांनी चपला काढल्या आणि शिडी धरून ते खाली उतरले.

आत विलक्षण शांत होतं. आपल्याच पावलांचा आवाज भिंतींवर आपटून जरा उशिरा परत येत होता, जणू मागून आणखी कुणी सावकाश चालत येतंय. उतार संपला, तिथे सगळ्यात खोल टोक. मास्तरांनी वर पाहिलं. काठ खूप उंचावर होता. इतकी वर्षं तिथे उभा राहून ओरडणारा माणूस इथून केवढासा दिसत असेल! आणि ज्याला आपण एवढे भ्यायलो ते हेच? एक मोठी खोली, छत नसलेली. आकाशाने तिच्यावर अलगद झाकण ठेवलेलं. उन्हाने फरश्या कोमट झाल्या होत्या. मास्तर हळूच पालथे पडले, गाल फरशीला टेकवला. मग हात पुढे केला. मग दुसरा. मग पाय. गालाखालून निळं सरकत गेलं, आणि क्षणभर त्यांना खरंच वाटलं, आपण निघालो, जातोय कुठेतरी.

"अहो."

हात हवेतच थांबला. वर काठावर बायको उभी होती, हातात डबा.

"पाय गुडघ्यात वाकतायत तुमचे," ती म्हणाली.

"मी फरश्या बघत होतो. सरळ बसल्यात का."

"पोटावर पडून?"

"लेव्हल अशीच कळते," मास्तर उठून बसत म्हणाले.

ती काठावर पाय सोडून बसली. डबा बाजूला ठेवला. "एक विचारू? तुमच्या चड्डीला कधी क्लोरीनचा वास कसा आला नाही हो?"

मास्तर फरशीच्या फटीतलं सिमेंट नखाने खरवडू लागले.

"आपला मुलगा तलावावरून आला की अख्खी न्हाणी वास मारायची. तुमची चड्डी ओली असते, पण नळाच्या पाण्याने."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"मुलगा पोहायला लागला, त्या पहिल्या उन्हाळ्यापासून."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मेहनतीने ती भिजवत होतात," ती म्हणाली. "मला बोलवेना."

मास्तरांना वाटलं होतं, असं कधी झालंच तर धरणी दुभंगेल. तसलं काही झालं नाही. एक कावळा फळीवर येऊन बसला आणि उडून गेला. मास्तरांच्या घशातून एक आवाज निघाला. आधी त्यांना वाटलं, आपण रडतोय. नीट ऐकलं तर ते हसू होतं. रिकाम्या तलावात ते मोठं होऊन परत आलं, आणि मग वर बसलेली बायकोही हसायला लागली.

"बरं, आता माझंही ऐका," हसू आवरत ती म्हणाली. "मला येतं."

"काय?"

"पोहता. आमच्या घरामागून नदी जायची. पूल लांब पडायचा म्हणून आम्ही बहिणी दप्तर डोक्यावर धरून पलीकडे जायचो. आपलं लग्न ठरलं तेव्हा आईने दम दिला, जावई पोहण्याचा मास्तर आहे, त्याच्यापुढे तुझं शहाणपण पाजळू नकोस. नाही पाजळलं. मुलाला तुम्ही शिकवत होतात, तेव्हा बाकावर बसून माझे पाय कसे शिवशिवायचे, ते मलाच ठाऊक!"

मास्तरांनी मनात जुळवून पाहिलं. म्हणजे एका घरात दोघं, एक येत असल्याचं सोंग करतोय आणि दुसरी येत नसल्याचं, आणि मधे दोरीवर चड्डी वाळतेय!

तलाव भरायला बरेच दिवस लागतात. जाड पाइपातून पाणी येत राहतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, काही होतच नाहीये. किल्ली जीवरक्षक बाईंकडे असायची. बायको सरळ जाऊन त्यांना म्हणाली, "यांना पोहायला शिकवायचंय. सकाळी कुणी यायच्या आत. मिळेल का आत यायला?"

बाई हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. "वहिनी, मला अंदाज होताच," त्या म्हणाल्या. "मास्तर कधी पिवळ्या पट्टीच्या पुढे आले नाहीत. पण मी थांबते हं तिथे. पाणी आहे ते."

रोज पहाट फुटली की तिघं आत शिरत. पाणी आधी खोल टोकाला साठलं. पहिल्या दिवशी ते घोट्याएवढंच होतं. मास्तर त्यात मांडी घालून बसले, एखाद्या लहान मुलासारखे, हाताने पाणी इकडून तिकडे करत. नंतर गुडघाभर झालं. पाणी वर येईल तशी ही दोघं उतारावर मागे सरकायची. मास्तर ज्याला इतकी वर्षं चुकवत आले, ते आता रोज वीतभर पुढे येऊन भेटत होतं, कसलीही घाई न करता.

"मान सैल!" बायको ओरडायची. "पाण्याशी भांडू नका!"

"हे माझं वाक्य आहे."

"मग ऐका की कधीतरी स्वतःचं!"

कंबरभर पाण्यात तिने त्यांना उताणं झोपवलं, पाठीखाली हात धरला. मास्तर लाकडासारखे ताठ. खांदे कानाला टेकलेले.

"कशाला धरून ठेवलंय एवढं?" ती हळूच म्हणाली.

"काय धरलंय?"

"ते मला काय माहीत! पण सोडा."

मास्तरांनी श्वास सोडला. कान पाण्याखाली गेले आणि जग बंद झालं. बायकोचा आवाज दूर कुठेतरी, भिंतीपलीकडे कुणी बोलावं तसा. वर उजाडत असलेलं आकाश, त्यात एकच ढग, त्याला कुठेही जायचं नव्हतं. रोज संध्याकाळचा तो नळ, ती पिळलेली चड्डी, न दुखणारे कान, न दुखणारे खांदे, सगळं एकेक करून अंगातून सुटून खाली निळ्यात बसत गेलं. आपण झोपेत आहोत की जागे, ते त्यांना कळेना, आणि कळून घ्यावंसंही वाटेना. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वळवून पाहिलं, तर बायको हात बांधून दूर उभी होती. पाठीखाली कुणीच नव्हतं.

तलाव काठोकाठ भरला तोवर मास्तरांना तरंगता येऊ लागलं, आणि हातपाय मारत जेमतेम आडवा तलाव पार करता येऊ लागला. पाय मात्र अजून गुडघ्यात वाकायचे.

उद्घाटनाला गर्दी लोटली. मास्तर फळीच्या शिडीपाशी आले, एक पायरी चढले आणि थांबले. खांदे आता खाली होते. ते वळले.

"मला उडी येत नाही," ते म्हणाले. त्यांचा काठावरचा कमावलेला आवाज होता, शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "पोहताही येत नव्हतं. आत्ता आत्ता थोडं शिकलोय."

काही जण हसले, त्यांना ती गंमत वाटली. मग हसू विरलं. एका मुलाचे वडील पुढे आले. "म्हणजे इतकी वर्षं आम्हाला फसवलंत?"

"हो," मास्तर म्हणाले. "फसवलं."

त्या वडिलांनी मुलाचा हात धरला आणि ते दोन पावलं मागे सरले. साहेबांच्या चेहऱ्याचा रंग फरश्यांशी जुळू लागला होता. मास्तर उथळ टोकाच्या पायऱ्यांनी पाण्यात उतरले, उताणे झाले आणि सगळ्यांच्या देखत तरंगू लागले.

"साहेब, फळी रिकामी आहे ना?" मागून बायकोने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता निघाली. जीवरक्षक बाईंनी तिला थांबवून आपली लाल रबरी टोपी काढली आणि तिच्या डोक्यावर चढवली. "सांभाळून हं वहिनी, माझी लाडकी टोपी आहे." बायकोने उडी मारली ती अशी, की पाणी उडालंच नाही, नुसतं उघडलं आणि मिटलं. वर आली ती बिनटोपीची, हसत.

पुढचं सगळं काही गोड झालं नाही. काही पालकांनी मुलांची नावं काढून घेतली. साहेबांनी बांबू काढून घेतला आणि मास्तरांना पुन्हा काठ झाडायला लावलं. रीतसर परीक्षा पास व्हा, मग बघू, असं सांगितलं. मास्तर झाडतात, आणि दुपारी लहान मुलांच्या वर्गात जीवरक्षक बाईंकडून शिकतात. मुलं त्यांना "मास्तर, पाय!" म्हणून ओरडतात. बायको बायकांच्या वेळेला येते आणि तलाव अंगणासारखा वापरते. ती लाल टोपी काही सापडली नाही. गाळणीत अडकली की कुठे गेली, देव जाणे. नवी आणून देतो, असं मास्तरांनी कबूल केलंय.

वर्ग सुटला की ते थोडा वेळ उताणे पडून राहतात. काठावरून बाई हाक मारतात, "मास्तर, माझी टोपी!"

मास्तर कान जरासे आणखी पाण्याखाली नेतात.