काळी पाच आणि दौलताबादचे पेरू

दौलताबादचा पेरू मला फार आवडतो. किल्ल्याच्या पायथ्याशी रस्त्याच्या कडेला बाया टोपल्या मांडून बसतात, तिथला. वरून पिवळसर, आत पांढरा, सुरीनं चिरून मीठ-तिखट लावून हातात देतात तो. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण संगीत नाटकात काम केलेल्या बाईला आवडीनिवडी विचारल्या की लोक मोगरा, पैठणी आणि केशरी दूध यांची वाट बघत बसतात. मोगऱ्यानं माझं डोकं दुखतं. केशरी दूध मी औषधासारखं प्यायले आहे. आणि पैठणी दिसायला सुंदरच, पण दिव्यांच्या झळेत तीन अंक ती नेसून गायचं म्हटलं की घामानं पाठीला चिकटते.

पेरू मात्र उमेदीच्या सगळ्या वर्षांत मला वर्ज्य होता. आमच्या नाटकमंडळीचे दिग्दर्शक शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक होते. त्यांना आम्ही सगळे गुरुजी म्हणायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "दही नाही, चिंच नाही, बर्फ नाही, आणि पेरू तर अजिबात नाही. घसा धरला तर तुझ्या जागी गाणार कोण?"

मी ते पाळलं. लग्नानंतर कळलं, की यांनाही पेरू माझ्याइतकाच आवडतो. हे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. तिथला कुणीतरी दौलताबादहून यायचा, तो पिशवीभर पेरू द्यायचा. हे ती पिशवी परस्पर गच्चीवर न्यायचे, तिथंच खायचे आणि हात धुऊन खाली यायचे. वास यायचाच. मी काही बोलायची नाही, तेही काही बोलायचे नाहीत. आमच्या संसारात असा न बोलता चाललेला जिव्हाळा बराच होता.

मी मूळची लासूर स्टेशनची. वडील तिथल्या बाजारात मापाडी होते. दिवसभर गोण्या काट्यावर चढवायच्या आणि वजनं मोठ्यानं पुकारायची, हे त्यांचं काम. त्यामुळं त्यांचा आवाज खणखणीत होता, पण गाता एक ओळ येत नव्हती. रेडिओवर नाट्यपदं लागली की मात्र दादा, वडिलांना आम्ही दादा म्हणायचो, हातातलं काम सोडून ओट्यावर बसायचे. त्यांच्याशेजारी बसून ऐकता ऐकता मी गायला लागले. कॉलेजसाठी शहरात मावशीकडं आले. तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी एक पद म्हटलं, गुरुजी तिथं परीक्षक म्हणून आले होते, आणि त्यांनी मला त्यांच्या तालमीला बोलावलं.

दादांना विचारायला मी सुट्टीत गावी गेले. ते ओट्यावर पाय सोडून बसले होते.

"नाटकात काम करायचं म्हणतीस?"

"व्हय."

"गाणं असतंय का त्यात?"

"गाण्याचंच नाटक आहे, दादा."

त्यांनी थोडा विचार केला. "मग कर. पर मला पुढच्या रांगंत बसवू नको."

"का?"

"रडू आलं तर लोक बघतेत."

आईला हे काही पटलं नव्हतं. पण दादांनी एकदा कर म्हटल्यावर तिनं माझ्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू भरले आणि एवढंच म्हणाली, "लई उशीर करू नको तिथं."

तालमी औरंगपुऱ्यातल्या एका शाळेच्या वरच्या खोलीत व्हायच्या. मंडळीत कुणी बँकेत होतं, कुणी शिक्षक, कुणाचं किराणा दुकान. पेटी वाजवायला एक चाचा होते. शहागंजात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान भावावर सोपवून ते तालमीला यायचे, डोळ्याला लावायचं भिंग कधी कधी गळ्यातच राहिलेलं असायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

"बेटा, जे मनात येईल ते गा. घाबरू नक्को."

मी गायला लागले. त्यांची बोटं पेटीवर इकडून तिकडं फिरत राहिली, आणि एका ठिकाणी थांबली. मला एकदम वाटलं, आपल्या पायाखाली कुणीतरी पाट सरकवला. चाचा गुरुजींकडं बघून म्हणाले, "काळी पाच."

गाणारा ज्या सुराला आपला सा मानून गातो, ती त्याची पट्टी. पेटीवर ती जिथं असते, त्यावरून तिला काळी पाच, पांढरी चार अशी नावं. त्या दिवशी मला माझी पट्टी मिळाली, आणि माझ्या आवडीच्या गोष्टींत ती सगळ्यात वर जाऊन बसली. पेरूच्या, साड्यांच्या, माणसांच्याही वर, असं आज वाटतं. मला ती कुठंही ऐकू यायची. लासूरला उतरताना गाडीची शिट्टी, मावशीच्या कुकरची वाफ, यांच्या कारखान्याचा भोंगा. भोंगा थोडा उतरलेला होता. मी एकदा यांना तसं सांगितलं, तर हे म्हणाले, "साहेबांना सांगतो, दुरुस्त करून घेतील." आणि बराच वेळ हसले.

नाटकं आम्ही बरीच केली. नायिका मीच असायची. मराठवाड्यातली गावं फिरलो, कुठं मंगल कार्यालयात, कुठं शाळेच्या पटांगणात. दादा प्रत्येक वेळी शेवटच्या रांगेत बसायचे आणि पडदा पडला की भेटायला न येता बाहेर जाऊन उभे राहायचे. मला रंगपटातला वास आवडायचा, खोबरेल तेल, पावडर आणि इस्त्रीच्या कपड्यांचा मिळून जो होतो तो. पहिली घंटा आवडायची, तिसरी नाही. ईदला चाचींच्या हातचा शीरखुर्मा आवडायचा. त्यांच्या घरी गेलं की चाची वाटी भरून पुढं ठेवायच्या आणि म्हणायच्या, "खा, हा गरम आहे, तुझे गुरुजी काही म्हणणार नाहीत."

मग गळ्याला गाठ आली. आधी मला वाटलं, गाऊन गाऊन शीर सुजली असेल. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, थायरॉईडची गाठ आहे, साधी आहे, पण काढावी लागेल. आवाजाच्या नसा अगदी जवळून जातात, आम्ही जपून करू, पण पहिल्यासारखाच आवाज राहील असं वचन देता येणार नाही. यांनी डॉक्टरांना दोनदा विचारलं, "जीवाला धोका नाही ना?" मी आवाजाचं विचारत होते आणि हे जीवाचं.

ऑपरेशन नीट झालं. बोलणं हळूहळू परत आलं, घोगरं का होईना. गाणं आलं नाही. सकाळी मी तंबोऱ्याची तार छेडायची, तोंड उघडायची, आणि काळी पाच लावायला गेलं की नुसती हवा यायची. थोडे दिवस प्रयत्न केला, मग तंबोऱ्यावर कापड टाकलं. मंडळींनी चौकशी केली. गुरुजी तोवर राहिले नव्हते. नाटकाच्या तारखा आधी पुढं गेल्या, मग रद्द झाल्या.

त्या वर्षीच्या थंडीत एका दुपारी हे कामावरून आले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. बशी घेऊन बाहेर आले. पेरू होते, चिरून, मीठ-तिखट लावून, नीट मांडलेले. बशी माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "खा आता. आता काय हरकत आहे?"

यांच्या मनात काही वाईट नव्हतं. इतकी वर्षं गच्चीवर एकट्यानं खाल्लेल्या पेरूंचं त्यांना ओझं वाटत असणार. पण मी त्या फोडींकडं बघितलं आणि मला रडू फुटलं. मला आता काहीही खायला हरकत नव्हती. दही, चिंच, बर्फ, सगळं खुलं होतं, आणि ते का खुलं झालं होतं, हे त्या बशीत मांडलेलं होतं. यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी बशी उचलली, शेजाऱ्यांकडं नेऊन दिली, आणि परत येऊन माझ्याजवळ बसून राहिले. संध्याकाळ झाली तरी आम्ही दिवासुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी हे शहागंजात चाचांकडं गेले, हे मला नंतर समजलं. काय बोलले ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. पण त्या रविवारी दारात रिक्षा थांबली आणि चाचा हातपेटी घेऊन उतरले. तोवर त्यांचे गुडघे गेलेले होते, जिना चढायला त्यांना बराच वेळ लागला. चहा घेतला. मग पेटीवरचं कापड काढलं.

"गा बेटा."

"चाचा, आवाज नाही राहिला."

"बोलतेस तो कुणाचा आहे मग?"

त्यांनी काळी पाच धरली. माझी नुसती हवाच आली. त्यांनी मान हलवली आणि एक सूर खाली आले. तिथंही नाही. आणखी खाली. माझे डोळे भरून आले होते आणि ते माझ्याकडं बघतच नव्हते, घड्याळाचं झाकण उघडून आत बघावं तसे पेटीवर वाकले होते. असं करत ते पांढरी चारवर आले. मी आवाज लावला आणि तो लागला. जाड, थोडा खरखरीत, पण लागला आणि टिकला.

"रुक," ते म्हणाले. "पुन्हा लाव."

मी पुन्हा लावला.

"हौ. आवाज गेला नाही. वरच्या मजल्यावरून खाली राहायला आलाय."

"हा माझा नाही वाटत, चाचा."

"नवीन घर पहिले दिवस कुणालाच आपलं नाही वाटत." मग ते म्हणाले, "तुला आवडतं ते पद म्हण. नाटकातलं काम म्हणून नक्को. तुला जे आवडतं ते."

खरं सांगायचं तर मला पटकन काही सुचेना. आयुष्यभर भूमिकेनं जे दिलं ते मी गायले. टाळ्या मिळायच्या ती पदं मला आवडतात, असंच मी धरून चालले होते. त्या दिवशी चाचांसमोर बसून पहिल्यांदा विचार केला, आणि मला आठवलं, की आमच्या एका नाटकात नायिकेच्या आईला एक छोटं पद होतं. मंडळीतल्या एक वयस्क बाई ते म्हणायच्या. मुलगी सासरी निघालीय आणि आई तिचं सामान बांधताना गातेय, एवढंच. माझा पुढचा प्रवेश लांब असायचा, तरी मी दर प्रयोगाला त्या पदासाठी लवकर येऊन विंगेत उभी राहायची. त्याला कधी वन्समोअर मिळाला नाही. ते पद खालच्या पट्टीतलंच होतं.

मी ते म्हटलं. शब्द सगळे पाठ होते. संपल्यावर दारात हे उभे दिसले. हातात पाण्याचा तांब्या होता आणि तो द्यायचं विसरले होते.

पुढं चाचा दर रविवारी येऊ लागले. गुडघ्यांसाठी मग हेच त्यांना जाऊन घेऊन यायचे. उन्हाळा सरता सरता मंडळीनं तेच नाटक पुन्हा उभं करायचं ठरवलं. नायिकेसाठी एक नवी मुलगी आणली होती, बीड बायपासला राहायची, दिवसा एका दवाखान्यात काम करायची. पहिल्या तालमीला चाचांनी तिची पट्टी शोधली. काळी पाचच निघाली. चाचांनी माझ्याकडं बघितलं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ती गायला लागली तेव्हा तो सूर मला कानात पुन्हा तसाच ऐकू आला, आणि त्यात आनंद किती आणि दुःख किती, हे मी कधी वेगळं करून बघितलं नाही. मी आईचं काम घेतलं.

प्रयोग रविवारी दुपारचा होता. दादा लासूरहून आले. आता त्यांना लांबून नीट दिसायचं नाही, म्हणून यांनी त्यांना हाताला धरून पुढच्या रांगेत बसवलं, आणि दादांनी त्याला हरकत घेतली नाही. शेवटच्या अंकात मी ट्रंकेत साड्या भरत ते पद म्हटलं. टाळ्या पडल्या, बेताच्याच. वन्समोअर याही वेळी मिळाला नाही. पुढं निरोपाच्या प्रवेशात ती मुलगी माझ्या पाया पडली तेव्हा तिचे हात थंडगार होते. मी ते धरून ठेवले, ते नाटकात बसवलेलं नव्हतं.

नाटक संपल्यावर आम्ही नाट्यगृहाबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. तोंडाला अजून रंग होता. दादा बाकावर बसून चष्मा पुसत होते. पेटी पायाशी ठेवून चाचा माझ्याकडं वळले.

"दुसऱ्या कडव्यात घाई केलीस," ते म्हणाले. "सम येण्याआधीच उतरलीस."

"पुढच्या वेळी सांभाळते, चाचा."

"हौ. सांभाळ."

ऑपरेशनपासून सगळे माझ्याशी जपून बोलत होते. वा वा म्हणत होते. चाचांनी त्या दिवशी माझी चूक काढली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी आणखी एक चहा मागवला.

आईचं ते काम मी पुढं बरीच वर्षं केलं. दादा गेले, मग चाचा गेले. चाची आहेत, ईदला मी अजून जाते. संगीत नाटक आता इथं क्वचित होतं, झालं तरी तयार ध्वनिमुद्रणावर. ती मुलगी पुण्याला असते, फोन करते, कधी कधी फोनवरच गाऊन दाखवते आणि विचारते, "ताई, कसं झालं?" मी आधी नीट ऐकून घेते. मग जिथं चुकलं असेल, तिथं सांगते.