विचारून येणारं भूत

धाकटीने सिनेमाच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला भुताची शॉर्ट फिल्म करायला घेतली, तेव्हा भुताच्या कामासाठी नाटकातला एक उंच मुलगा पक्का केला होता. शूटिंगच्या दिवशी सकाळीच त्याला ताप आल्याचा निरोप आला. कॅमेरा मिळाला होता एकाच दिवसापुरता. धाकटीने घरात नजर फिरवली. आईने आधीच हात वर केले. उरले बाबा.

बाबा चष्म्याच्या दुकानात सेल्समन. सगळं आयुष्य लोकांच्या नाकावर हलक्या हाताने फ्रेम्स बसवण्यात गेलेलं, त्यामुळे अदब अंगात मुरलेली. त्यांनी दुकानात रजा कळवली. कारण काय सांगितलं, ते त्यांनाच ठाऊक. तोंडाला पावडर आणि डोळ्यांखाली काजळ फासून झाल्यावर आरशात बघून म्हणाले, बरा दिसतोय की मी.

गोष्ट साधीच होती. मुलगी खोलीत एकटी अभ्यास करत बसलीय, दार हळूच उघडतं आणि भूत आत येतं. खिडक्यांना काळे कागद चिकटवून भर दुपारी अंधार केला होता. सगळे श्वास रोखून बसले. आणि दारावर टकटक झाली.

"बाबा, भूत दार वाजवत नाही."

"अगं, आत मुलगी एकटी आहे," बाबा म्हणाले. "असं एकदम कसं शिरायचं?"

पुढच्या वेळी त्यांनी टकटक केली नाही, पण घसा खाकरला. त्याच्या पुढच्या वेळी मुलीच्या दप्तराला पाय लागला म्हणून भूत चक्क सॉरी म्हणालं. कॅमेरा धरलेला मित्र हसून हसून बेजार झाला. धाकटीचा मात्र पारा चढला. परक्या नटाला बोलली नसती असं बरंच काही ती बाबांना बोलली. बाबांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा दाराआड जाऊन उभे राहिले.

मग ती एकटीच एडिटिंगला बसली. 'कट' म्हटल्यावरही मित्र कॅमेरा जरा वेळ चालूच ठेवायचा. त्या टाकाऊ तुकड्यांत प्रत्येक वेळी बाबा कॅमेऱ्याच्या शेजारी बघत होते. म्हणजे तिच्याकडे. जमलं का, एवढंच विचारत होते. मग तिचा चेहरा बघून त्यांचा उतरायचा. धाकटी तेच तेच तुकडे मागे नेऊन बघत राहिली. बाबांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तिला आधी ती पावडर वाटली.

शेवटी तिने गोष्टच फिरवली. भूत दारात येतं, घसा खाकरतं, आत येऊ का असं डोळ्यांनी विचारतं, मुलगी किंचाळते आणि बिचारं आल्या पावली परत जातं.

कॉलेजात फिल्म दाखवली, तेव्हा खाकरण्यावर हशा पिकला आणि त्या नजरेवर हॉल गप्प झाला. भीती कुठेच वाटली नाही म्हणून सरांनी गुण कापले आणि हा नट कुठून आणला, असंही विचारलं. मागे बसलेले बाबा आईच्या कानाशी लागले होते. ही नजर पोरांनी कधी टिपली, त्यांना काही केल्या आठवेना.

"राग आला होता का हो माझा त्या दिवशी?" बाहेर पडताना धाकटीने विचारलं.

"काम करताना चालायचंच," बाबा म्हणाले. "पण ते सॉरी ठेवायला हवं होतंस. चांगलं झालं होतं."

आता धाकटी जाहिराती करते. 'कट' म्हटलं की आधी नटाकडे बघून मान डोलावते. काय चुकलं ते मग सांगते.