पाटाखालचे टायर

कऱ्हाडच्या हेमचंद्र थोरातानं दुबईत आल्यापासून कुठलीच वस्तू पहिल्या दुकानातून घेतलेली नाही. गडी जबल अलीच्या एका कंपनीत खरेदी खात्यात. तीन कोटेशनं आल्याशिवाय तिथं खिळासुद्धा विकत घ्यायचा नाही, असा दंडक. दंडक ऑफिसचा, पण यानं तो घरी आणून दाराला तोरणासारखा बांधला. कुकर घेताना तीन कोटेशनं, फ्रीज घेताना तीन, मुलीची शाळासुद्धा तिनांतून निवडली. बायको तेवढी एका कोटेशनात घेतली, असं सुचित्रा पाहुण्यांना सांगते. म्हणूनच टिकली, असंही तीच सांगते.

त्यांची मुग्धा फिजिओथेरपीला पास झाली, अबुधाबीच्या एका हॉस्पिटलात तिला नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं. लायसन तिनं आधीच काढलेलं, तेही पहिल्या फटक्यात, जे तिच्या बापाला जमलं नव्हतं. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरातून रोज अबुधाबी म्हणजे गाडी हवीच. हेमचंद्रानं जराही आढेवेढे घेतले नाहीत. गाडी घे की, तुझीच हाय, मी मेट्रोनं जाईन, फक्त तेवढे टायर बदलून देतो, म्हणाला. त्याला ओळखणारी माणसं तिथंच समजली की गाडी आता पार्किंगमधून हलत नाही.

टायर बघायला त्यानं वसंत पंचमीच्या सुमाराला सुरुवात केली होती. एक फ्रेंच, एक जपानी, एक जर्मन. तिन्ही उंची, तिन्ही 'समर' टायर. रोज जेवण झालं की हा मोबाईलवर युरोपातल्या चाचण्या लावून बसायचा. त्यात एक गोरा जाकीट घालून, ओल्या केलेल्या रस्त्यावर गाडी पळवायचा आणि वर हा उन्हाळा आहे म्हणायचा. हेमचंद्र त्याचं म्हणणं मान हलवून ऐकायचा. फ्रेंच टायर टिकाऊ होता. जपानी इतका गुपचूप चालायचा की शेजारणीला कळू नये. जर्मन मात्र पाण्यात सगळ्यांच्या आधी थांबायचा. टिकाऊपणा बघितला, आवाज बघितला, किंमत बघितली, तरी गड्याचं बोट फिरून फिरून पाण्यात थांबण्यावरच येई.

पाऊस पडतो कुठं इथं, असं सुचित्रानं एकदा विचारलं.

"पडतो तेव्हा पडतो," तो म्हणाला.

ते खरंच होतं. मागल्या वर्षी एप्रिलच्या पावसात दुबई बुडाली, तेव्हा हा शेख झायेद रोडवर होता. गाडी होडीसारखी तिरकी वाहत गेली होती. हातात स्टिअरिंग होतं, पण गाडी हातात नव्हती. घरी येऊन त्यानं जरा ट्रॅफिक होतं, एवढंच सांगितलं. बाकीचं अजून सांगायचं आहे.

शेवटी जर्मन घेतला. अल कुझच्या इद्रीसच्या दुकानात चारी मिळून बावीसशे दिऱ्हाम मोजले, आणि रुपयांत पन्नास हजाराच्या वर गेले की रे, असं मोठ्यानं म्हणून घेतलं. इद्रीस जॅक लावायला वाकला तर यानं त्याला थांबवलं. आत्ता नको, मुग्धा गाडी नेईल त्या दिवशी चढवू. सणाची साडी कुणी आदल्या दिवशी नेसत नाही. टायर डिकीत आणि मागच्या सीटवर घालून घरी आले. बाल्कनीतलं ऊन रबराला बाधतं म्हणून हॉलमध्ये राहिले, एकावर एक. पाहुण्यांच्या पायाची बोटं ठेचकाळायला लागली तशी सुचित्रानं त्यांवर चादर टाकली.

बुधवारी गणपती होता. दरवर्षीचं टेबल लावायला हॉलमध्ये जागाच उरली नव्हती. सुचित्रानं सरळ टायरांवरच पाट टाकला, वर तिची जुनी जरीची साडी सोडली, आणि शाडूची मूर्ती बसवायची ठरवली. पूजा सांगायला सिलिकॉन ओएसिसमधला धनंजय जोशी येतो. एरवी तो एचआरमध्ये असतो. साडी उचलून त्यानं खाली बघितलं, जरा विचार केला आणि निवाडा दिला की रबर म्हणजे झाडाचा चीक, तेव्हा वनस्पतीच. शिवाय रस्त्याला लागलेलं नाही. मंत्र म्हणून प्राणप्रतिष्ठा झाली. आता उत्तरपूजा झाल्याशिवाय पाट हलवायचा नाही.

हे 'हलवायचं नाही' हेमचंद्राच्या कानात बसलं.

थोरातांचा गणपती बापजाद्यांपासून दीड दिवसाचा. गुरुवारी संध्याकाळी धनंजय विसर्जनासाठी आला, बाल्कनीत बादली भरून तयार होती, आणि हेमचंद्रानं जाहीर केलं की यंदा अनंत चतुर्दशीपर्यंत ठेवायचा. पोरगी नोकरीला लागली, देवाला दीड दिवसात वाटेला लावणं बरं दिसत नाही. धनंजयनं सुचित्राकडं बघितलं. सुचित्रानं बादलीकडं बघितलं. दहा दिवस नैवेद्य कोण करणार, एवढंच तिनं विचारलं. मी, म्हणाला.

शुक्रवारी त्यानं मोदक केले. ते उकडीचे होते की तळणीचे, हे खाणाऱ्यांना कळलं नाही.

अनंत चतुर्दशी म्हणजे पुढच्या आठवड्यातला शनिवार. तोवर टायर देवाखाली आणि मुग्धा घरात. सगळ्यांना हे समजत होतं आणि देवासमोर कुणाला तोंड उघडता येत नव्हतं. बापानं तजवीज मोठी बैजवार केली होती.

शनिवारी सकाळी मुग्धा चहा घेता घेता म्हणाली, "इट्स ओके, बाबा. मी जुन्या टायर्सवर जाईन. यू ड्राइव्ह ऑन देम एव्हरी डे."

हेमचंद्रानं कप खाली ठेवला. मी चालवतो ते वेगळं, असं तो म्हणणार होता. पण वेगळं काय, हे पोरीनं विचारलं असतं. चप्पल घालून तो पार्किंगमध्ये उतरला. तिथं उकिडवा बसून जुन्या टायरांवर अंगठा फिरवला. भेगांत नख जात होतं. इतके महिने याच टायरांवर तो ऑफिसला गेला होता, मजेत, रेडिओ लावून. उठताना गुडघा कटकन वाजला.

वर येऊन तो सुचित्राला म्हणाला, "माझ्या थोरल्या काकांकडं पाच दिवसांचा गणपती असायचा."

"तुम्हाला काका नाहीत."

"मामा म्हणतोय मी."

सुचित्रा म्हणाली, मामांकडचा असेल तर बरोबरच असणार. आणि बादली घासायला घेतली.

रविवारी दुपारी धनंजय पुन्हा आला. यंदा सुट्ट्या तुमच्या गणपतीतच संपणार बहुतेक, म्हणाला, पण उत्तरपूजा नीट सांगितली. शाडू बादलीत विरघळायला लागला तेव्हा हेमचंद्राच्या डोळ्यांत पाणी आलं. दरवर्षी येतं, त्यामुळं कुणी काही म्हटलं नाही. तासाभरात टायर इद्रीसच्या दुकानात होते.

इद्रीसनं खाचेतून अक्षता काढल्या, मग एक दूर्वा काढली. टायरला उदबत्तीचा वास येत होता.

"कहाँ रखा था?"

"घर में. इसपे मेहमान बैठे थे."

"गए?"

"अभी गए."

"खलास," इद्रीस म्हणाला आणि जॅक लावला.

सोमवारी उजाडताच तिघं पार्किंगमध्ये उतरली. सुचित्रानं पुढच्या चाकांखाली ठेवायला दोन लिंबं दिली. हेमचंद्रानं ती हातात घेऊन दाबून बघितली. एक मऊ निघालं. वर जाऊन दुसरं आणतो, तिसरंही आणतो, म्हणजे बघता येईल, म्हणाला. सुचित्रानं ती दोन्ही त्याच्या हातातून घेतली, वाकून चाकांखाली ठेवली आणि पोरीला नुसती मान हलवली.

गाडी सुटली. वळणावर मुग्धानं इंडिकेटर दिला, तिथं कुणीही नसताना. मग दिसेनाशी झाली.

हेमचंद्र बराच वेळ त्या वळणाकडं बघत राहिला. मग उकिडवा बसला. दोन्ही लिंबं चपटी झाली होती आणि सालीवर टायरची नक्षी उठली होती. त्यानं एक उचललं, उलटून बघितलं, दुसरं उचललं, आणि दोन्ही शेजारी धरून ताडून बघितली.

"ग्रिप चांगली हाय," तो म्हणाला.