काढून नेलेल्या पायऱ्या

आज सकाळी आमच्या बपेरा गावात शेतातल्या पाण्याच्या मोटारींची लाईन गेली. लाईनमन भाऊ आले आणि खांबाला लोखंडी पायऱ्या अडकवत वर चढले. सामान कमी पडलं, काम उद्यावर गेलं. उतरताना ते एकेक पायरी काढून पिशवीत टाकत होते.

मी चिडलोच. "भाऊ, उद्या येणारच आहा, त पायऱ्या कायले काढता?"

ते थांबले. "मागं एकदा राहू देल्या होत्या. धानाले पाणी पाहिजे म्हणून एक जण सोताच चढला. त्याच्या घरी निरोप मीच नेला."

मंडळी, तेव्हापासून मी बांधावर बसून त्या खांबाकडे पाहून राहिलो. माझंही धान सुकून राहिलं आहे. खरं सांगतो, पायऱ्या असत्या तर एव्हाना मी चढलो असतो.

तुम्ही थांबले असते का?